अकरावीतल्या लेकीला मुंबईच्या म्युझिक फेस्टिव्हलला पाठवावं का?

लेकीची आई, लातूर

नमस्कार सगळ्यांना. चार दिवस झाले झोप लागेना म्हणून इथं विचारायलेय. लेक अकरावीला आहे, वय सोळा, नीटचे क्लास चालू आहेत. २४ आणि २५ जानेवारीला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा आहे, तिला तिथं जायचंय. शनिवार-रविवार, आणि सोमवारी २६ जानेवारी, म्हणजे कॉलेज बुडत नाही असं तिचं म्हणणं. सोबत क्लासमधल्या तिघी मैत्रिणी, त्यातली एक नुकतीच अठराची झालीय. रात्रीच्या रेल्वेनं जायचं आणि एका मैत्रिणीच्या मावशीकडं ठाण्याला राहायचं.

हट्ट केला असता, आदळआपट केली असती तर मी सरळ नाही म्हणून मोकळी झाले असते. पण परवा मी पोळ्या करायले तर तिनं फिजिक्सच्या रफ वहीचं पान आणून पोळपाटाशेजारी ठेवलं. त्यावर जायची गाडी, रविवारी रात्रीची यायची गाडी, मावशीचा नंबर, दोन वर्षांच्या भाऊबीजेचे आणि मामानं दिलेले मिळून साडेसात हजार, रविवारची बुडणारी टेस्ट कोणत्या दिवशी देणार ते सुद्धा. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, मम्मी नाही म्हणायचं असलं तर कारण सांग.

ते कारणच मला नीट सांगता येईना. भीती वाटते एवढं खरं. गर्दीची का दारूची का रात्रीची का नुसती मुंबईची, मलाच कळेना. तिचे पप्पा म्हणायलेत बारावी झाल्यावर बघू. सासूबाई तर विषय काढू देईनात. ज्यांनी लेकरं पाठवली किंवा नाही पाठवली त्यांनी खरं खरं सांगा.

गोदाकाठ, नांदेड

ताई, मी तरी नाही म्हणेन. बावीस वर्षं शिकवतोय, लेकरांवर विश्वास नाही असं नाही. पण चार पोरी, त्यातली मोठी अठराची, शहर माहितीचं नाही आणि भोवती हजारो माणसं. काही अडचण आली तर हे कर आणि हे करू नको असं सांगणारं मोठं माणूस तिथं एकही नाही. सोळाव्या वर्षी लेकरू हुशार असतं पण घाबरलं की त्याला काही सुचत नाही, हे मी सहलीला दरवर्षी बघतो.

गाण्याची आवड असली तर आपल्याकडं पण ऐकायला मिळतं. आमच्या नांदेडला फेब्रुवारीत संगीत शंकर दरबार असतो, संभाजीनगरला सोनेरी महालात वेरूळ-अजिंठा महोत्सव भरतो. पुण्याचं सवाई तर १९५३ पासून आहे, डिसेंबरात सगळं घर मिळून जा, भारतीय बैठकीवर बसा आणि मनसोक्त ऐका.

लेकीची आई, लातूर

सर, सवाईला चल म्हणलं तर ती येईल. पण ते माझ्यासाठी येईल. ती गिटार शिकलीय यूट्यूबवर बघून बघून, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. तिचं गाणं वेगळंय, ते मला कळत नाही पण ती ऐकताना तिचा चेहरा मला कळतो.

मुक्काम पोस्ट परभणी

काकू मी वीस वर्षांची आहे. सतराची असताना मी अशाच एका मोठ्या कार्यक्रमाला गेले होते, तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होते. घरी विचारलं तर बाबा नाहीच म्हणणार हे पक्कं माहीत होतं म्हणून विचारलंच नाही, सांगितलं की प्रॅक्टिकलची तयारी आहे, फोन बंद ठेवते. कार्यक्रम मस्त झाला खोटं का बोलू, पण बाहेर निघताना गर्दीत माझा मोबाईल कुणीतरी काढून घेतला आणि दोन्ही मैत्रिणी कुठं गेल्या ते कळेना. रात्रीचे साडेअकरा. रिक्षावाले मागतील तो भाव सांगायलेले आणि माझ्याजवळ नगद ऐंशी रुपये. एका चहाच्या गाड्यावरच्या मावशीनं मला बसवून घेतलं, तिचा फोन हातात दिला, म्हणाली घरी लाव. मला पाठ असलेला नंबर एकच होता, बाबांचा. आणि तो मला लावता येईना कारण बाबांच्या हिशोबानं मी रूमवर झोपलेली होते. तो फोन हातात धरून मी किती वेळ बसले मलाच माहीत.

शेवटी त्या मावशीचा मुलगा आणि सून दोघं मला हॉस्टेलपर्यंत सोडून गेले. माणसं चांगली निघाली म्हणून. घरी हे अजून माहीत नाही, इथंच पहिल्यांदा लिहितेय.

तुमच्या लेकीनं पान लिहून तुमच्यापुढं ठेवलंय काकू. मी ते ठेवू शकले नव्हते. तुम्ही हो म्हणा का नाही म्हणा, पण असं म्हणा की पुढच्या वेळी पण ती पान तुमच्याकडंच आणेल.

सिस्टर, संभाजीनगर

वरची पोस्ट वाचून गलबलून आलं गं पोरी. आईला सांगून टाक, बरं वाटेल.

मी कान-नाक-घसा विभागात काम करते त्यामुळं माझं एकच सांगणं, कानांचं बघा. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास सोसतो असं धरतात, पुढं दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. अशा कार्यक्रमात स्पीकरजवळ तेवढा आवाज सहज असतो आणि लेकरं तिथं पाच-सहा तास उभी राहतात. आपल्याकडं वरातीत डीजेपुढं नाचून दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते म्हणून येणारी पोरं मी नेहमी बघते. आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. मेडिकलवर फोमचे इअरप्लग मिळतात, अगदी स्वस्त. बोटांनी वळून बारीक करायचा, कान दुसऱ्या हातानं वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. गाणं तरी ऐकू येतंच. आणि स्पीकरपासून लांब उभं राहायचं.

दोन लेकरांचा बाप, अंबाजोगाई

ताई मी २०२४ ला याच फेस्टिव्हलला पोराला घेऊन गेलतो, तेव्हा तो सतराचा होता, म्हणून अनुभवाचं सांगतो. मी पण तिकीट काढलं. आत गेल्यावर तो त्याच्या मित्रांसोबत पुढं, मी मागं, दर दोन तासाला ठरलेल्या जागी तोंड दाखवायचं एवढीच अट. जागा आधी ठरवा कारण गर्दीत नेटवर्क जातं, फोन लागतच नाही. चार स्टेज आहेत, चालून चालून पाय गळतात, बूट घालायला सांगा. नगद चालत नव्हती, हातातल्या पट्ट्यात पैसे भरायचे. पाण्याची सोय कुठंय ते शिरल्या शिरल्या बघून ठेवायचं.

दारू आत असते, लपवून काय करायचं. पण महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं हे लेकीला सांगून ठेवा आणि कुणी हातात दिलेला ग्लास घ्यायचा नाही, पाण्याचा सुद्धा. अठराच्या आतल्यांना कोणत्या अटी आहेत ते तिकीट काढायच्या आधी नीट वाचा, गेटवर गेल्यावर वाचून उपयोग नाही. पुढच्या बॅरिकेडला चिकटून उभं राहायचं नाही, कडेला राहायचं. ढकलाढकली झालीच तर हात छातीपुढं घ्यायचे, उलटं ढकलायचं नाही, लोंढ्यासोबत तिरकं तिरकं कडेला सरकायचं.

आणि सगळ्यात मोठी चूक तुमच्या लेकीच्या पानावरच आहे बघा. आपली लातूर किंवा बीदर एक्स्प्रेस सीएसएमटीवरून रात्री नऊच्या सुमाराला सुटते. लाऊडस्पीकरच्या नियमामुळं कार्यक्रम रात्री दहापर्यंत असतो आणि मुख्य कलाकार शेवटीच येतो. म्हणजे रविवारी एक तर तो सोडून पळायचं नाही तर गाडी चुकवायची, आणि चार पोरी ऐनवेळी काय करतील? गाडी चुकवतील.

लेकीची आई, लातूर

दादा, हे गाडीचं मी तिला काल जेवताना विचारलं. गप्प झाली, मग म्हणाली खरंच लक्षात आलं नाही मम्मी. तिथं मला माझं कारण सापडलं. तिच्यावर विश्वास नाही असं काही नाही, पण अशी एक गोष्ट सुटली तर ती निस्तरायला जवळ कुणीतरी पाहिजे.

तर ठरलंय असं. एकच दिवस जायचं, शनिवार. मी सोबत जाणार, माझं पण तिकीट काढायचं, तिचे पप्पा म्हणाले तुझं मी देतो. आत मी मागं थांबणार, दोन तासाला भेटायचं. रात्री सगळ्या ठाण्याला मावशीकडं, रविवारी आराम करून नऊची गाडी, सोमवारी लातूर. बाकी तिघींच्या आयांशी मी बोलले, दोघी हो म्हणाल्यात, एकीचं अजून ठरायलंय. सासूबाईंना पप्पा सांगणार आहेत. गोदाकाठ सर, तुमचं पण पटलं, नांदेडला फेब्रुवारीत आम्ही दोघी येऊ.

परभणीच्या पोरी, तुझी पोस्ट मी लेकीला वाचून दाखवली. नंतर माझा नंबर पाठ आहे का विचारलं तर तिला शेवटचे चार आकडे येईनात. आता रोज पोळ्या लाटता लाटता म्हणून घ्यायलेय.