मामांसाठी बोर्बन: ३५ डॉलरमध्ये कोणती?

निळू_एडिसन: पुढच्या महिन्यात पुण्याला जातोय. मामा जन्मभर स्कॉच प्यायले, आता म्हणतात "ती अमेरिकन बोर्बन आण." बर्फ नाही, पाणी घालून घेतात. एकच बाटली, बजेट ३५. बोर्बन म्हणजे नेमकं काय तेही सांगा, मामा विचारणारच.

घोडेबाज: ब्लँटन्स! मी १२० ला उचलली. बुचावर घोडा असतो, आठ प्रकारचे, प्रत्येकावर एक अक्षर. माझा फक्त एस राहिलाय.

चकणाप्रेमी: ३५ लिहिलंय हो वर. जॅक डॅनियल्स घ्या, विषय संपला.

मका_५१: जॅकच्या बाटलीवर टेनेसी व्हिस्की लिहिलेलं असतं, बोर्बन नाही. पिंपात भरण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात. बोर्बन पण व्हिस्कीच, पण तिला धान्यात किमान ५१% मका लागतो आणि ओकचं पिंप कोरं, आतून जाळलेलं. पिंपात जाताना मद्यार्क ६२.५% च्या वर नको, बाटलीत ४०% च्या खाली नको. वरून रंग, स्वाद काही घालायचा नाही. व्हॅनिला-कॅरॅमलचा वास येतो तो त्या जळक्या लाकडाचा. एकदा वापरलेली पिंपं मग स्कॉचवाले नेतात, त्यामुळे मामांना वास ओळखीचा वाटेल, फक्त दणकून.

केंटकीकर: आणि केंटकीचीच हवी. तिथलं चुनखडीतलं पाणी!

मका_५१: अमेरिकेत कुठेही बनवा, चालते. त्या पाण्यात लोह नसतं हे खरं, पण कायद्यात पाण्याचा उल्लेख नाही.

केंटकीकर: मी केंटकीतच, लुइव्हिलला राहतो.

मका_५१: बरं मग?

सोडावॉटर: ब्लँटन्सला +१. माझी बॅगेत फुटली, नव्या साड्यांसकट. बायको अजून ऐकवते. टॉवेलमध्ये गुंडाळून चेक-इनमध्ये टाका.

गव्हाळ: मक्याच्या जोडीला कोणतं धान्य आहे ते बघा. राय जास्त असली की मिरीसारखी झणझणीत, गहू असला की मऊ. मामा पाणी घालतात तर वाइल्ड टर्की १०१ न्या, ५०.५% आहे, पाण्याने मिळमिळीत होत नाही. बजेटात बसते. मऊच हवी तर मेकर्स मार्क, ती लाल मेणवाली.

पीटभक्त: बोर्बन म्हणजे खोकल्याचं औषध. सिंगल मॉल्ट न्या.

घोडेबाज: ब्लँटन्स मिळाली का?

निळू_एडिसन: सगळ्यांचे आभार. मामांना फोनवर वाइल्ड टर्की सुचवली, तर म्हणाले, "टर्की नको रे, ती काळ्या लेबलाची चौकोनी बाटली असते ना, तीच बोर्बन." जॅक घेतली.

मका_५१: 🙏

चकणाप्रेमी: मी तेच सांगत होतो.