उत्तर: शह आणि लाटसाहेब

राजे, सत्ताधारी यांच्या पदव्यांवरून आलेले रोजच्या मराठीतले शब्द कोणते, या प्रश्नावर इतरांच्या उत्तरांत 'पेशवाई थाट', 'नवाबी' आलंच आहे, पण 'शह' राहिला की! फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की 'शाह' म्हणून बजावायचं, तोच आपला शह. म्हणजे आजच्या राजकारणाच्या बातम्यांतल्या प्रत्येक शह-काटशहात एक इराणी राजा बसलेला आहे. 'मात करणे' हेही त्याच पटावरचं. गंमत म्हणजे तिथला वजीर मात्र व्यवहारात फारसा उतरला नाही.

दुसरा 'लाटसाहेब'. इंग्रजी लॉर्डचा लाट झाला आणि इंग्रज गव्हर्नर लाटसाहेब. जेवल्यावर ताट तसंच ठेवून उठलो की आजी म्हणायची, "लाटसाहेब, ताट कोण उचलणार?" गव्हर्नर गेला, टोमणा राहिला. माझ्या मुलाला मीही तोच मारतो. तो ढिम्म हलत नाही, ते वेगळं.