फवारणीतला घाम उन्हाचा की औषधाचा, हे घामाच्या पट्टीवरून कळते का?

पऱ्हाटीवाला (आर्णी, यवतमाळ)
बाबा साठीच्या पुढचे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याबरोबर झाली तरी चार्जिंगचा पंप पाठीवर घेऊन तिच्या ओळींत घुसतात. सप्टेंबरची उमस अशी, की बाहेर येईस्तोवर बंडी पिळून घ्यावी. आई म्हणते ऊन लागलं, मला धास्ती औषधाची. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली. मोबाइलवर हातावर चिकटवायची घाम मोजणारी पट्टी पाहिली. तिच्यानं फरक कळेल का?

लॅबवाली_वर्धा
नाही कळणार, भाऊ. त्या पट्टीत बारीक नळ्या असतात. एकीत रंग किती सरकला त्यावरून घाम किती गेला ते कळतं, दुसरीत क्लोराइडप्रमाणे रंग गडद होतो, म्हणजे मीठ किती गेलं ते. फोनचं ॲप फोटोवरून हिशेब करतं. अमेरिकेत गेटोरेडनं २०२१ मध्ये खेळाडूंसाठी काढली ती अशीच, एकदा वापरून फेकायची.
ऑर्गनोफॉस्फेट गटातलं औषध कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम अडवतं. मग ॲसिटिलकोलिन, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं रसायन, साचतं, आणि घामाच्या ग्रंथी त्याच्याच सांगण्यावरून चालतात. उन्हातला घामही त्याच निरोपानं सुटतो. पट्टीला दोन्ही घाम सारखेच. तपासायचं असेल तर रक्तातलं कोलिनएस्टरेज.

धुऱ्यावरचा_म्हातारा
पट्टी ठेव बाजूले. डोयाची बाहुली पाय. टाचणीच्या टोकावानी बारीक झाली, लाळ गयते, मयमय होते, अंधारी येते, तर लिंबूपाणी पाजत बसू नोको. कपडे उतरव, साबनानं आंग धू, औषधाचा डब्बा संग घे अन् दवाखाना गाठ. बाहुली बारीक नसली तरी बाकीचं असलं तर थांबू नोको बाप्पा.

पऱ्हाटीवाला
डब्बा काहून?

लॅबवाली_वर्धा
कोणतं औषध ते डॉक्टरांना लेबलवरून कळतं. ऑर्गनोफॉस्फेट असेल तर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात; सगळ्याच औषधांवर ते चालत नाही. आणि रक्त हंगामाआधी एकदा तपासून ठेवा. कोलिनएस्टरेजचा आकडा माणसागणिक वेगळा असतो, पुढचा आकडा ताडायला बाबांचा स्वतःचा जुना हवा.

पऱ्हाटीवाला
बाबा सुईले भेतात, पण त्यांना तयार करतो. ओली बंडी मात्र दिवसभर आंगावरच असते.

लॅबवाली_वर्धा
ते आधी बंद करा. औषधानं भिजलेला कपडा आंगावर राहिला की कातडीतून आत जातच राहतं, अन् घामेजल्या आंगातून जास्तच. दुसरी बंडी धुऱ्यावर ठेवत जा.