सल्ला हवा: माळ्यावर सापडलेली तबर घासावी का?

रानवारा: मामांच्या माळ्यावर एक जुनी कुऱ्हाड मिळाली. दीड हात लांब, दांडाही लोखंडी, पातं चंद्रकोरीसारखं. गंजाखाली मधूनच पिवळी रेघ चमकते. मामा म्हणतात, घोडेस्वाराची तबर आहे. खरं असेल? गंजावर कोणतं रसायन चांगलं?

गडवाट: रसायन अजिबात नको! ती पिवळी रेघ कोफ्तगिरीची असू शकते. पोलादावर बारीक उभ्या-आडव्या रेघा कोरून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. आम्लाने खालचं लोखंड खाल्लं, की तार सुटलीच.

जुनं पोलाद: मामांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. अशी तबर खोगिराला अडकवलेली असे. एका हातात लगाम, म्हणून हत्यार एकहाती पेलणारं हवं. कड्यांच्या चिलखतावर तलवारीचा वार अनेकदा वाया जातो. तबरीचं वजन टोकाशी असतं, त्यामुळे कड्या तुटल्या नाहीत तरी आतलं हाड मोडतं. धावत्या घोड्याचा वेग मिळाला तर विचारूच नका.

पण १९व्या शतकात इराणात मिरवायच्या तबरीही पुष्कळ बनल्या, पातळ पात्याच्या. तुमचं पातं धारेकडून दांड्याकडे जाड होत जातं का, ते आधी बघा. आणि दांड्याच्या बुडाशी गुंडी आहे का? काही तबरींच्या पोकळ दांड्यात छोटी सुरी लपवलेली असते.

ऐरण: पातं दांड्याला जिथे बसतं तिथे सांध्याची रेघ शोधा. तापवून, गुंडाळून, ठोकून जोडलेलं असेल तर बहुधा सापडेल. सगळीकडे सारखेच खड्डे असतील तर मात्र शंका घ्या. आम्लात बुडवून मुद्दाम जुना केलेला माल तसा दिसतो.

रानवारा: पातं जाड होत जातं, सांधाही दिसतोय! गुंडी आहे, पण घट्ट. विकायची नाही, फक्त नीट जपायची आहे.

जुनं पोलाद: मग गुंडीवर जोर लावू नका. शिवणयंत्राचं तेल लावून दोन दिवस ठेवा, मग बांबूच्या काडीने सुटा लाल गंज तेवढा काढा. काळा थर राहू द्या, पिवळ्या रेघेला हात लावू नका. कोफ्तगिरीचा भाग वगळून शेवटी मेणाचा पातळ हात द्या. उघड्या हाताने धरू नका, घामाने पुन्हा गंजते.

गडवाट: लढाऊ कुऱ्हाडी शस्त्र नियमांत येतात, तेव्हा परवान्याचं पोलिसांकडे विचारून घ्या. आणि शंभर वर्षांहून जुनी ठरली तर १९७२च्या पुरावशेष कायद्याने ती स्वतःहून देशाबाहेर पाठवता येत नाही.