गणपतीसाठी हेलिकोनिया, अँथुरियम, ऑर्किड टिकवायची कशी?

मृण्मयी, पुणे: आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. यंदा सजावट ताज्या फुलांची ठरली आहे: हेलिकोनिया, अँथुरियम, जांभळी ऑर्किड आणि थोडा निशिगंध. फुलं आदल्या संध्याकाळी येतील. जाऊबाई म्हणतात, रात्रभर फ्रिजात ठेवू, भाजीचा कप्पा रिकामा करून देते. फुलवाला सांगतो, पाण्यात साखर घाला. काय करू?

पोफळीतली काकू, सावंतवाडी: जाऊबाईंना म्हणावं, कप्प्यात कोथिंबीरच असू दे! ही उष्ण मुलखातली फुलं. बारा-तेरा अंशांच्या खाली ती गारठतात आणि अँथुरियमचा लाल रंग जांभळा-काळा पडतो. बादलीत पाणी भरून न्हाणीघरात उभी ठेव, पंख्याखाली नको.

हेलिकोनिया आमच्या पोफळींखालीच आहे. तोडलेल्या दांड्यातून पाणी फारसं वर चढत नाही, म्हणून नुसती फुलदाणी भरून भागत नाही. आणल्यावर दांड्याचं टोक तिरकं काप आणि आख्खं फूल टबात अर्धा तास आडवं बुडव. त्याआधी उलटं धरून झटक. त्या लाल होड्यांत, म्हणजे होडीच्या आकाराच्या रंगीत पानांत, पावसाचं पाणी साचलेलं असतं, मुंग्याही असतात. खरी फुलं आत, बारकी. ती कुजली की घाण वास मारतात, चिमट्याने उपटून टाक. मग सकाळ-संध्याकाळ वरून पाणी फवार. आणि घेताना उमललेल्याच घे. मिटलेल्या होड्या घरी येऊन उघडत नाहीत, फुलवाला काहीही सांगो.

ऑर्किडचं वेगळंच. पिकत्या केळ्यांतून वायू सुटतो, त्याने ती लवकर गळतात. आमच्याकडे गणपतीवर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, तिला केळ्यांचे घड, म्हणून मी ऑर्किड मखराला लावतच नाही, दाराशी ठेवते. तुझा नैवेद्याच्या केळ्यांचा फणाही जरा लांब ठेव.

मृण्मयी, पुणे: बरं झालं काकू, फळांची परडी तिथेच ठेवणार होते. साखरेचं काय मग?

दादरचा सजावटवाला: साखर निशिगंधाला घाला, वरच्या कळ्या उमलत जातात. हेलिकोनियाला नका घालू, काही फरक पडत नाही. साखरेचं पाणी रोज बदला, नाहीतर दुसऱ्या दिवशी दांडे बुळबुळीत. फुलं खोचायचा हिरवा फोम वापरत असाल तर तो पाण्यावर नुसता सोडा, आपोआप बुडेल. हाताने दाबलात की मधे कोरडा राहतो आणि नेमकी तिथली फुलं माना टाकतात. निर्माल्यात मात्र तो टाकू नका, प्लास्टिकच आहे ते.

मृण्मयी, पुणे: बर्ड ऑफ पॅरडाइजच्या, त्या पक्ष्याच्या डोक्यासारख्या फुलाच्या, दोन काड्या फुकट देतोय फुलवाला. घेऊ?

पोफळीतली काकू, सावंतवाडी: घे की! वरचं फूल सुकलं की ते कापून टाक, चोच, म्हणजे खालचं टोकदार हिरवं आवरण, कोमट पाण्यात थोडा वेळ भिजव आणि आतलं दुसरं फूल अंगठ्याने हलकेच वर ओढून काढ.