पायथॉन: लिस्ट प्रिंट केली की भलतंच येतंय. मदत हवी आहे, अर्जंट!

घाईत_आहे: सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी पायथॉनमध्ये 'पावती' नावाचा क्लास केलाय. प्रिंट केलं की फ्लॅट नंबर आणि रक्कम दिसायला हवी, तर 'पावती ऑब्जेक्ट ॲट 0एक्स7एफ...' असली लांबलचक शेपटं येतात. उद्या सेक्रेटरींना दाखवायचंय.

डोंबिवलीकर: क्लासमध्ये \_\_एसटीआर\_\_ लिहिलंय का? म्हणजे प्रिंट केल्यावर काय दिसावं ते सांगणारी मेथड. कोड टाका.

घाईत_आहे: लिहिलंय हो, तेवढं येतं मला.

जुना_जावावाला: जावात टू-स्ट्रिंग ओव्हरराइड केलं की विषय संपला. पायथॉनला त्यासाठी दोन-दोन मेथड कशाला लागतात देव जाणे.

टंकबहाद्दर: देवनागरीचे चौकोन दिसत असतील तर टर्मिनलचा फॉन्ट बदला, फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा.

घाईत_आहे: चौकोन दिसतात असं कोण म्हणालं?

डोंबिवलीकर: एक मिनिट. शेपटं, म्हणजे अनेक? तुम्ही एक पावती प्रिंट करताय की अख्खी लिस्ट?

घाईत_आहे: लिस्टच की. शीर्षक वाचा.

डोंबिवलीकर: बरं. लिस्ट छापताना पायथॉन आतल्या वस्तूंचं एसटीआर बघतच नाही, \_\_आरईपीआर\_\_ बघतो. म्हणून तर लिस्टमध्ये '101' ही स्ट्रिंग अवतरणचिन्हांसकट दिसते आणि 101 हा आकडा नुसता. एसटीआर वाचणाऱ्यासाठी, आरईपीआर डीबग करणाऱ्यासाठी. नुसतं आरईपीआर लिहिलं तर प्रिंट तेच वापरतं. उलटं होत नाही.

आळशी_कोडर: हातानं लिहायचंच कशाला? डेटाक्लास वापरा, अशा मेथड आपोआप बनवून देतो, पायथॉन 3.7 पासून आहे. आरईपीआर फुकट.

डोंबिवलीकर: फुकटात काय मिळतं? पावती(फ्लॅट='101', रक्कम=2500). हे सेक्रेटरींपुढे ठेवणार? सरळ फॉर लूप लावा, एकेक पावती प्रिंट करा.

आळशी_कोडर: डेटाक्लासमध्ये स्वतःचं एसटीआर लिहायला कुणी बंदी केलीय का?

जुना_जावावाला: आमच्याकडेही जावा 16 पासून रेकॉर्ड आहे म्हटलं. टू-स्ट्रिंग आपोआप.

पाणीटंचाई: 2500 मेंटेनन्स? कुठली सोसायटी? आमच्याकडे 4200 आणि पाणी एक दिवसाआड.

डोंबिवलीकर: अहो, तो आकडा मी उदाहरणाला घेतला.

घाईत_आहे: लूपनं झालं. आता रकमेच्या मागे .0 येतंय, तो शून्य कसा घालवू?

डोंबिवलीकर: रक्कम येते कुठून? एक्सेलमधून?

घाईत_आहे: मग आणखी कुठून येणार?