बीटलचा ऑटोमॅटिक चोक उघडायला फार वेळ लागतो

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर):
माझ्याकडे १९६४ची, ६ व्होल्टची फोक्सवॅगन बीटल असून तिच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) ऑटोमॅटिक चोक आहे. पौषातल्या धुक्याच्या सकाळी गाडी लगेच सुरू होते, परंतु नंतर बराच वेळ काळा धूर सोडत अडखळते आणि प्लग काजळीने माखतात. चोकचे एलिमेंट (विजेवर तापणारा भाग) पावसाळ्यातच नवे बसवले आहे. हे सगळे काढून ॲम्बेसेडरसारखा हाताने ओढायचा चोक लावावा, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. आपले काय मत आहे?

प्रतिसाद १:
घाई करू नका. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यातले बरेचसे मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटून राहते; म्हणून चोकची झडप हवा अडवून मिश्रण दाट करते. ही झडप बंद ठेवण्याचे काम दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग करते आणि तापली की तीच सैल पडून झडप उघडू देते. पाण्याने थंड होणाऱ्या काही गाड्यांत ही ऊब रेडिएटरच्या पाण्यातून घेतात. बीटलमध्ये पाणीच नसल्याने ती विजेच्या एलिमेंटने दिली आहे.

आता मुद्द्याचे. नवे एलिमेंट १२ व्होल्टचे तर नाही ना? बाजारात तेच सहज मिळते. निम्म्या व्होल्टेजवर त्यात जेमतेम चौथाई उष्णता निर्माण होते, त्यामुळे स्प्रिंग अतिशय सावकाश तापते आणि आपण वर्णन केलेली लक्षणे तंतोतंत दिसतात. एलिमेंटच्या झाकणावर व्होल्टेज बहुधा कोरलेले असते.

प्रतिसाद २:
वरील निदान मला पटते, तरी एलिमेंट बदलण्यापूर्वी इग्निशन कॉइलकडून येणाऱ्या वायरला टेस्ट लॅम्प लावून वीज पोहोचते की नाही, हे पाहावे. शिवाय इंजिन सुरू होताच निर्वाताने ओढला जाणारा लहानसा पिस्टन झडप किंचित उघडतो. तो काजळीने अडकला असेल, तर एलिमेंट योग्य असूनही सुरुवातीला धूर येणारच.

हाताच्या चोकबद्दल मिस्त्रींशी मी सहमत नाही. तो चालेल, पण ओढलेला चोक परत ढकलायला विसरले की धूर पुन्हा आहेच.

झाकणाचे तीन स्क्रू सैल करून ते फिरवले की स्प्रिंगचा ताण बदलतो. झाकणावरची खाच आधी मधल्या खुणेवर ठेवावी आणि पुढचा फेरफार अगदी थोडाथोडा करावा. सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) मोकळा होऊन त्याला अडवणारा पायऱ्यांचा कॅम फिरतो आणि चोकची झडप बंद होते. त्यानंतर मात्र इग्निशन नुसतेच चालू ठेवून गप्पा मारत बसू नये. इंजिन थंडच राहते आणि चोक तापून उघडून जातो.